जाते म्हणू नये

४ तारीख, सोमवार

पोहोचले एकदाची. ही वही लेकीने दिली आहे आणि दम भरला आहे की आई, रोज काहीतरी लिहायचंच, परत आलीस की मी पहिल्या पानापासून वाचणार. तर वाच बाई. तुझी आई परक्या देशात एकटी उतरली, दोनदा गाडी बदलली आणि कुठेही चुकली नाही, हे जावईबापूंना मुद्दाम वाचून दाखव. पैज लावली होती ना त्यांनी.

शहर मला आवडलं. रस्ते रुंद, झाडं ओळीत उभी, घरं सगळी एकाच उंचीची. माणसं मात्र अशी चालतात की घरी गॅसवर दूध ठेवून आली असावीत. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्या गल्लीत नवी बाई दोन पिशव्या घेऊन शिरली असती तर चौथ्या घरापर्यंत तिचं माहेर कळलं असतं. इथे मी पत्त्याचा कागद हातात धरून अख्खा बाजार पालथा घातला, एकानेही कुठून आलात म्हणून विचारलं नाही. कबुतरं तेवढी आपल्याकडच्यासारखीच निर्लज्ज. शेवटी लाँड्रीच्या शेजारी बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो, त्याने बोटाने दार दाखवलं. दाखवताना तो हसला नाही, पण हसणं काही सक्तीचं नाही.

मी कामाला आले ती ही लाँड्री कोपऱ्यावर आहे. पुढे मोठी काच, मग काउंटर, इस्त्रीची टेबलं, त्यामागे धुलाईची यंत्रं. तळघरात बॉयलर. सगळ्यात मागे कपडे वाळवायची खोली. भिंतींवरून वाफेचे नळ फिरवले आहेत, खिडकी नाही, दार लोखंडी आणि कडी बाहेरून. मी तिचं नाव भट्टी ठेवलं आहे. माझी राहायची खोली वर, लहान पण स्वच्छ. खिडकीतून मागचं अंगण आणि बॉयलरचं धुराडं दिसतं.

मालक आडदांड, झुपकेदार मिशांचा. मालकीण काटकुळी आणि बोलायला फटकळ, म्हणजे भाषा कळली नाही तरी फटकळपणा कळतो. मालकाची आई दिवसभर काउंटरमागे खुर्चीत, मांडीवर रेडिओ. मालकाने माझा पासपोर्ट मागून घेतला, कुठेतरी दाखवायचा आहे म्हणे, आणि काउंटरच्या खणात कुलपात ठेवला.

खरी गंमत पुढेच. दुकान बंद झालं, मालकाने कोट चढवला, माझ्याकडे वळून हात वर केला आणि चक्क म्हणाला, ''येते.'' एवढा धिप्पाड बाप्या, एवढ्या मिशा, आणि ''येते''. मी इस्त्री हातात घेऊन हसत सुटले. तोही हसला. परक्या मुलखात पहिल्याच दिवशी आपला शब्द कानावर पडला, शकुन चांगला झाला म्हणायचा.

५ तारीख, मंगळवार

आज मालकाला ''येतो'' शिकवायला गेले. त्यांची भाषा मला हे काम मिळवून देणाऱ्या एजंटने शिकवली तेवढीच येते, बाकी हातवारे. बाप्याने येतो म्हणायचं, बाईने येते, एवढं समजावता समजावता घाम निघाला. त्याला काही ते पटलं नाही.

मग मालकिणीने सांगितलं. माझ्याआधी इथे आपल्याकडचीच एक बाई होती. रोज काम संपलं की वर जाताना दारात उभी राहून येते म्हणायची. यांनी तो निरोपाचा शब्द समजून उचलला. कुठे गेली ती, विचारलं, तर म्हणे न सांगता निघून गेली देशाला. शेवटच्या दिवशी तर तिने त्या शब्दाचा सपाटाच लावला होता, म्हातारीने ऐकलं म्हणे. मालकिणीने नक्कल करून दाखवली, येते, येते, येते, आणि मालक खो खो हसला. म्हातारीने तेवढ्यात रेडिओचा आवाज वाढवला.

मी विचार करत बसले. न सांगता गेली, तर निरोप कुणाचा घेतला? असो. दुसऱ्याच्या भानगडी.

पण यांनी शब्द अर्धाच उचलला आहे. आमच्या आईने लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं, उंबऱ्यात उभं राहून जाते म्हणू नये. जातो तो कायमचाच. निघणाऱ्याने येते म्हणायचं, आणि घरात राहणाऱ्याने ''ये'' म्हणायचं. त्या ''ये''शिवाय निरोप पुरा होत नाही. इथे ती बिचारी रोज येते म्हणत असेल आणि हे नुसते हात हलवत असतील. तिला ये म्हणणारं कुणी नव्हतं.

९ तारीख, शनिवार

हात बसला. सकाळी मालाच्या पिशव्या उघडायच्या, प्रत्येक कपड्याच्या कॉलरला चिठ्ठी टाचायची, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं. दुपारी इस्त्री. वाफेची इस्त्री जड आहे पण शर्ट एका फिरवणीत सरळ होतो. घरी तीस वर्षं कोळशाच्या इस्त्रीने गल्लीचे शर्ट कडक करून दिले, मला कसलं भय. मालकीण माझी घडी उलगडून बघते, खोट सापडत नाही म्हणून पुन्हा बघते.

इस्त्रीच्या टेबलावरची जाड चादर एका बाजूला फाटली होती, ती कुणीतरी सांधली आहे. हात फिरवला आणि थबकले. गोधडीचा टाका. बारीक, ओळीला ओळ लागून, कोपऱ्यावर वळवून परत आणलेला. असा टाका इथे कोण घालणार? तिचाच. मला उगाच भरून आलं. कोण कुठली, नाव माहीत नाही, पण तिच्या आईने आणि माझ्या आईने एकच टाका शिकवला. वळण बघता पोर लहान असावी, दोरा अजून घट्ट ओढत होती.

लेकीशी फोनवर बोलले. उलट्या थांबल्या, आता चिंचेवर हात आहे म्हणे. सातवा लागायच्या आत ये, म्हणाली. मी म्हटलं, अगं काम तीनच महिन्यांचं, येतेच. ती म्हणाली, ये. माझ्या लेकीला हे मी शिकवलं आहे.

१२ तारीख, मंगळवार

आज जरा विचित्र झालं. दुपारी मालक माल पोहोचवायला गेला होता, मालकीण त्याच्याबरोबर. म्हातारी खुर्चीत डुलक्या घेत होती. मी कॉलरना खळ लावत होते. मागून बाईच्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं, ''येते.''

हात खळीत, मान खाली. सवयीने तोंडातून गेलं, ''ये गं.''

मग लक्षात आलं, मालकीण घरात नाही. वळून बघितलं. मागे फक्त भट्टीचं दार. कडी लावलेली. मी बघत असतानाच ती कडी हळूच वर उचलली गेली आणि बाजूला सरकली. दार वीतभर उघडलं. गरम झोत अंगावर आला आणि माझ्या अंगावरून पुढे काउंटरकडे गेला. खळीचं भांडं बघते तर तळाशी पापुद्रा, पाणी गायब.

बॉयलर सकाळपासून बंद होता. आजचा दिवस नळांच्या दुरुस्तीचा.

म्हातारी जागी झाली आणि तिने पाणी मागितलं.

१४ तारीख, गुरुवार

म्हातारी पाणी पीत सुटली आहे. पेला, तांब्या, शेवटी बादलीच शेजारी ठेवली. पिते आणि पुन्हा मागते. ओठ फुटले आहेत, जीभ लाकडासारखी वाजते. डॉक्टर येऊन गेला, सगळं ठीक आहे म्हणाला. मी पेला तिच्या तोंडाशी धरते तोवर त्यातलं पाणी कमी झालेलं असतं. लिहिताना वेड्यासारखं वाटतं, पण लेकी, तुझी आई खोटं लिहीत नाही.

शेजारच्या बूटवाल्याकडे गेले. जुन्या बाईचं विचारलं. त्याने आधी मान हलवली, मग मला आत ओढून दार लावलं. मागच्या उन्हाळ्यात दुकान दोन दिवस बंद होतं, मालक-मालकीण समुद्रावर गेले होते. दुकान बंद आणि धुराडं मात्र चालू. त्याला नवल वाटलं होतं. एवढंच त्याने सांगितलं. विचारलं का नाही कुणाला, म्हणून मी त्याच्या अंगावर खेकसले. तो चामड्याला खिळे मारत बसला.

१५ तारीख, शुक्रवार

म्हातारी बोलली. बाकीचे दोघे पुढे गिऱ्हाईकांशी होते. तिने माझी मनगटं धरली, हात तापलेल्या इस्त्रीसारखे. अर्धं शब्दांत, अर्धं खुणांनी सांगितलं.

पोरीने पासपोर्ट मागितला होता. घरी आई आजारी होती तिची. मालक नाही म्हणाला. पोलिसात जाते म्हणाली, तेव्हा मालकाने उचलून भट्टीत टाकलं, डोकं थंड होऊ दे म्हणे. मालकिणीने खाली जाऊन वाफ सोडली, मस्करीत. मग दोघे फिरायला निघून गेले. घरी म्हातारी होती. कडी काढायचं काम तिचं. पोर आधी दार बडवत होती, मग पाणी मागत होती, मग शेवटी फक्त तो एक शब्द म्हणत होती. म्हातारीला वाटलं निरोप घेते आहे, म्हणजे आता दमली, गप्प होईल. तिने रेडिओ मोठा केला.

निरोप. अगं मेले, निरोप नव्हता तो. येते म्हणजे येणार. परत येणार, तुमच्यासाठी येणार, असं ती सांगत होती तुम्हाला, आणि तुम्ही तो शब्द रोज दारात उभं राहून हौसेने म्हणता.

म्हातारीने पाणी मागितलं. बादली माझ्या पायाशी होती. मी दिलं नाही. मी रेडिओचा आवाज वाढवला आणि इस्त्रीला परत आले.

लिहून ठेवते आहे, कारण मला त्याची लाज वाटत नाही.

१७ तारीख, रविवार

म्हातारी गेली. काल सकाळी खुर्चीत सापडली. मालकाने तिला एका हाताने उचललं, इतकी हलकी. वाळलेली. डॉक्टर म्हणाला, वय.

मालकाने जाताना सवयीने हात वर केला आणि येते म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडात उत्तराचा ''ये'' आलेला होता. गिळला.

संध्याकाळी भट्टीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दार पोळत होतं. म्हटलं, बाई, झालं ना एक. आता शांत हो. मला घरी जायचं आहे, माझी पोर वाट बघते आहे. एवढं बोलून टेबलाकडे वळले. पण टेबलावरच्या चादरीची टाक्यांची ओळ पुढे सरकलेली आहे. काल कोपऱ्यापर्यंत होती. आज अर्ध्या टेबलापर्यंत.

१९ तारीख, मंगळवार

पासपोर्ट मागितला. म्हटलं, मला हे काम नको, मी निघते. मालक म्हणाला, कागदावर दोन वर्षं आहेत. एजंटने तीन महिने सांगितलं होतं. मालकाने कागद नाचवला, सही माझीच. लेकीचं सांगितलं, पोटावर हात फिरवून दाखवलं, पहिलं बाळंतपण आहे म्हटलं. मालकीण हसली. मुली सगळीकडेच बाळंत होतात, म्हणाली.

मग मी म्हटलं, मला माहीत आहे तुम्ही तिचं काय केलंत.

म्हणायला नको होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

लेकीचा फोन आला होता. उचलला नाही. आवाजावरून ओळखते ती.

२० तारीख, बुधवार

आत आहे. भट्टीत. दुपारी चादरी काढायला पाठवलं आणि मागून कडी —

वही एप्रनच्या खिशात होती. पेन्सिल पण. फोन वर खोलीत राहिला. दाराच्या फटीतून थोडा उजेड येतो.

नळ गरम व्हायला लागले. मालकीण खाली गेली असणार. पायऱ्यांचा आवाज ऐकला. तीच मस्करी.

बडवलं. ओरडले. पुढे रेडिओ लागला. म्हातारी नाही, तरी रेडिओ लागला. तिच्याकडून शिकला मुलगा.

घसा — लिहिते, म्हणजे जीव थाऱ्यावर राहील. लेकी, तू घाबरू नकोस. तू हे वाचशील तेव्हा मी शेजारीच बसलेली असेन.

कुणीतरी आहे. चादरींच्या मागे. दोरीवरच्या चादरी हलताहेत, वारा नाही. एका चादरीवर आतून चेहऱ्याचा उठाव. नाक, तोंड. तोंड उघडं.

लहान आहे गं. माझ्या लेकीएवढीच.

कानाशी आली. ऊन नाही, जाळ. म्हणाली — ''येते?''

विचारलं तिने. पहिल्या वेळी मी नकळत बोलले होते. आता विचारते आहे. म्हणजे माझ्या तोंडून हवं आहे. मी गप्प बसले तर ती इथेच राहील, आणि मीही. ते दोघे उद्या तिसरी आणतील. तिच्या हातात पण कुणीतरी वही दिलेली असेल.

मला सुटायचं आहे म्हणून म्हणते, असं लिहिलं तर खोटं होईल. मला त्यांना वाळलेलं बघायचं आहे. माझ्या पोरीच्या पोटाला हसली ती.

ये. ये बाई. ये, ये, ये —

कडी वाजली.

२० तारीख, संध्याकाळ

मालक मोरीत. तोंड नळाला लावलेलं. नळ पूर्ण सोडलेला, पाणी धो धो, आणि तोंडापर्यंत येतच नव्हतं. मिशा गवतासारख्या गळून भांड्यात. डोळे माझ्याकडे फिरले. त्याने माझ्याच भाषेत मागितलं. पाणी. हा शब्द पण पोरीनेच शिकवला असणार.

मी नळ बंद केला.

मालकीण तळघराच्या पायरीवर बसलेली. घडी करून ठेवल्यासारखी. मी तिला उलगडून बघितलं नाही.

किल्ली मालकाच्या खिशात. खण उघडला. माझा पासपोर्ट. त्याखाली अजून एक. फोटोत वेणी, कानात बारीक डूल. माझ्या लेकीएवढीच म्हटलं ना मी. दोन्ही घेतले. तिच्या आईला देईन, असली तर.

पिशव्या घेतल्या. दुकान शांत. यंत्रं शांत. चादरीवरचे टाके टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरे झाले होते. तिचं काम संपलं, मला वाटलं. मन हलकं झालं. दारात आले, काच ढकलली, बाहेर गार हवा. आणि मी मागे वळले. तीस वर्षांची सवय. आईचा धपाटा. रिकाम्या घरातून निघताना पण म्हणतो आपण —

म्हटलं, येते.

आतून उत्तर आलं.

''ये.''

२१ तारीख

स्टेशनवर आहे. गाडी सुटायची आहे. पाण्याची ही कितवी बाटली, मोजलं नाही. ओठ फुटले.

समोरचा माणूस त्याचा पेला बघतोय. त्यातलं पण आटलं.

लेकीचा फोन. उचलला. आवाज फुटेना. ती म्हणाली, आई, निघालीस ना? ये. मी हो म्हणणार तेवढ्यात — नाही म्हटलं. नको. मला ये म्हणू नकोस. ती रडायला लागली. मी ठेवला. ती मला घरी बोलावते आहे, आणि मी एकटी येणार नाही आता. माझ्याबरोबर भट्टीतली ती येईल. तिला ये म्हणणारं घर मिळालं. पोटात बाळ आहे त्या घरात. पाण्यात असतं ते. पाण्यात —

सूड पुरा झाला होता ना गं. माझं काय चुकलं?

माझं चुकलं ते मला माहीत आहे. मी नळ बंद केला.

गाडी लागली. चढले. बसले. बघते तर पाय रस्त्यावर. कोपरा. मोठी काच. बूटवाला खिळे मारतोय, वर बघत नाही. कडी उघडी. आतून गरम —

पुन्हा स्टेशन. पुन्हा काच. येते म्हटलं मी. शब्द दिला. दिलेला शब्द पाय पाळताहेत.

एकच उपाय. तो शब्द मोडायचा. उलटा म्हणायचा. उंबऱ्यात उभं राहून, आई नको म्हणायची तो. कायमचं गेलेली बाई परत येत नाही. इथेही नाही, लेकीकडेही नाही.

तोंडातून निघत नाही. जीभ लाकूड. म्हणून लिहिते. लिहिलेलं चालेल ना, आई?

लेकी, वही बूटवाल्याच्या खोक्यात टाकते. बाळाला उंबऱ्यात काय म्हणायचं ते शिकव. हे मात्र शिकवू नकोस —

आतून हाक आली. ये.

नाही. मी येत नाही. मी जा